वेळासची पिल्लं
मैत्रिणींनो, आपण गोदाकाठच्या. समुद्र म्हटला की गोवाच आठवतो. पण मार्चमध्ये मुलांना घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला जाच. तिथं ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वाळूत शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते नि निघून जाते. मागं वळूनही पाहत नाही! पूर्वी ही अंडी माणसंच चोरून विकायची, उरलेली कोल्ही-कुत्री उकरायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांच्या साथीनं ती कुंपणात जपायला घेतली. पन्नासेक दिवसांनी टोपली उचलली, की खाली वळवळती पिल्लं! त्यांना पाण्यापर्यंत उचलून न्यायचं नाही. वाळूवरून त्यांनीच चालायचं. हजारात एखादंच मोठं होतं म्हणतात. लाटेनं एकाला उताणं मागं फेकलं, तेव्हा आमच्या धाकटीनं माझा हात घट्ट धरला. मुक्काम गावातल्या घरांतूनच. जेवण साधं, पण चवीचं.