पाण्याची पाळी

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. पर्जन्यछायेतला मुलूख. आभाळ भरून येतं, वारं सुटतं आणि ढग पुढं निघून जातात. दारात आलेल्याला आधी तांब्याभर पाणी द्यायचं, मग कुठून आलात ते विचारायचं, ही आमच्याकडची रीत. त्यामुळं एक दिवस माझ्याच बापाला पाणी नाकारावं लागेल, असं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

नाना म्हणजे माझे वडील. 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेला माणूस. अंगानं काटक, पण बिडी काही सुटली नाही. सत्तरी ओलांडली आणि खोकल्यातून रक्त पडलं. नगरला तपासण्या झाल्या. फुप्फुसाचा कॅन्सर, ‘स्मॉल सेल’ जातीचा. केमो सुरू झाली. घरी सोडताना सांगितलं, “पाणी भरपूर पाजा.” ही सूचना घरात सगळ्यांना पटली. आईनं उशाशी तांब्या ठेवला. आत्या शहाळी घेऊन आली. भेटायला येईल तो म्हणायचा, “घ्या नाना, दोन घोट.”

आठवड्याभरात नानांना मळमळायला लागलं, डोकं जड झालं, चालताना झोक जाऊ लागला. मग बोलणं कमी झालं. एका पहाटे अंगणात उभे राहून मला म्हणाले, “इहिरीला पाणी लागलं का रं?” ती विहीर खणून चाळीस वर्षं झाली होती. नाना आणि चुलत्यांची ती सामाईक विहीर. पाण्याच्या पाळीवरून दोघांचं वाजलं, त्यालाही अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून बोलणं बंद.

दुपारपर्यंत नानांनी आईलाही ओळखलं नाही. शेजारी म्हणाले, “आजार डोक्यात गेला. माणसं बोलवून घ्या.” थोरला भाऊ रात्रीच्या एसटीनं मुंबईहून निघाला. आई उशाशी बसून चमच्या-चमच्यानं पाणी घालत होती. आम्ही मनानं निरोपाची तयारी केली होती. धाकट्या बहिणीनं मात्र हट्टच धरला, “दवाखान्यात न्यायचं म्हणजे न्यायचं.” गाडी केली आणि नगर गाठलं.

तिथं रक्त तपासलं. सोडियम 112. डॉक्टरबाई म्हणाल्या, “हे 135 ते 145 असायला पाहिजे.” सोडियम म्हणजे मिठातलाच भाग, एवढं मला ठाऊक होतं. मी म्हणालो, “मग जेवणात मीठ वाढवतो.” त्यांनी मान हलवली. “आमटीत तांब्याभर पाणी जादा पडलं तर काय होतं? मीठ तेवढंच राहतं, पण आमटी अळणी लागते. यांचं तसं झालंय. मीठ कमी झालं नाही, पाणी जास्त झालंय.”

शरीरात पाणी धरून ठेव, असं किडनीला सांगणारं एक संप्रेरक असतं. एरवी ते मेंदूकडून, गरजेपुरतं येतं. नानांची गाठच ते बनवत होती. त्यामुळं किडनी लघवीवाटे पाणी सोडेना. आम्ही पाजलेला प्रत्येक घोट आतच साचत होता, आणि त्यानं मेंदू सुजत होता. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या दोन रुग्णांमध्ये हेच पाहून श्वार्ट्झ आणि बार्टर यांनी 1957 साली ते लिहून ठेवलं होतं, हे मी पुढं वाचलं.

मिठाची तीव्र सलाइन थेंबथेंब सुरू झाली. घाई करून चालत नाही. सोडियम एका दिवसात आठ-दहा अंकांच्या वर चढलं तर मेंदूलाच इजा होऊ शकते. आणि पाणी बंद. चहा, दूध, आमटीचं पातळ, सगळं धरून दिवसाला एक लिटर. आई हादरली. “तहानेल्याला पाणी नाय द्यायचं? कुठं फेडू हे पाप?”

तिसऱ्या दिवशी नानांनी आईला हाक मारली. रात्री मला म्हणाले, “पोरा, एक घोट दे.” मी बाटलीवरची खूण पाहिली आणि ओला कापूस ओठांना लावला. ते बघत राहिले. मग म्हणाले, “माझीबी पाळी लावली व्हय रं तुमी?” मी हसलो, आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन रडलो.

घरी आल्यावर नानांनी पहिलं काम केलं, चुलत्यांना निरोप धाडला. चुलते आले, उंबऱ्याशीच थबकले. नाना म्हणाले, “आत ये. सोम ते बुध मोटर तुझी. बाकीचं पोरं बघतील.” दोघं बराच वेळ गप्प बसून होते. आईनं चुलत्यांना पाण्याचा तांब्या दिला. नानांनी आपला अर्धा पेला मोजून घेतला.

त्यानंतर नाना पाच महिने होते. शेवटचे काही दिवस सोडले तर शुद्धीत, नातवंडांना ओळखत. आजार गेला नाही, पण माणूस आम्हाला परत मिळाला होता.

हे सगळं लिहायचं कारण एवढंच. कॅन्सरचा पेशंट असंबद्ध बोलू लागला, सारखा झोपू लागला, तोल जाऊ लागला, तर ‘आता संपलं’ म्हणून कुणी घरी बसू नये. एक साधी रक्ततपासणी असते. आणि पाणी वाढवायचं की तोडायचं, हे आपल्या मनानं ठरवू नये. उलट्या-जुलाबानंही सोडियम उतरतं, आणि तिथं उपाय अगदी उलटा असतो.

बाटली अजून फडताळात आहे, आईनं नेलपॉलिशनं मारलेल्या खुणेसकट. विहिरीवर सोमवार ते बुधवार चुलत्यांची मोटर चालते.