सांजवात

चित्रपट काढावयास शिकणे म्हणजे नेमके काय शिकणे, असा प्रश्न आम्हां चौघा मित्रांना घरी गेल्यावर हटकून विचारला जातो. आमच्यापैकी एकाची आजी तर देवळातून परतताना शेजारणींना सांगते, "नातू बडोद्याला सिनेमा पाहायला शिकतो." तिचे म्हणणे फारसे चुकीचे नाही, हे गेल्या एका आठवड्यात आम्हांस कळून आले. त्या आठवड्याची ही हकीकत.

सोमवारी चित्रपटाच्या इतिहासाचा तास होता. विषय निघाला दादासाहेब फाळक्यांचा. त्र्यंबकेश्वरी १८७० साली शास्त्र्यांच्या घरी जन्मलेले दादासाहेब छायाचित्रणाची विद्या शिकले ती येथेच, बडोद्याच्या कलाभवनात. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली निघालेल्या त्या संस्थेचे प्रमुख प्राध्यापक गज्जर यांनी या होतकरू विद्यार्थ्याला उत्तेजन दिले. पुढे फाळक्यांनी छायाचित्रणाचा धंदा मांडला. परंतु कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो, अशी लोकांची समजूत असल्यामुळे तो चालेना, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. हे ऐकून वर्ग हसला. आम्हीही हसलो. ते हसू शुक्रवारपर्यंतच टिकले.

मंगळवारी पटकथेचा तास. आमचा लघुपट पाच मिनिटांचा. मांडवीच्या बाजूला एका गल्लीत रामाचे लहानसे मराठी देऊळ आहे. तेथील वृद्ध पुजारीबुवा रोज तिन्हीसांजेला समई लावतात, एवढाच विषय. आम्ही मोठ्या हौसेने चार पाने लिहून नेली होती. गुरुजींनी ती वाचली आणि विचारले, "बुवा वात कोणत्या हाताने सरळ करतात?" आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. "मग हे तुम्ही लिहिले आहे, पाहिलेले नाही," एवढेच बोलून त्यांनी पाने परत दिली.

बुधवारी म्हणून आम्ही कॅमेरा न घेताच देवळात जाऊन बसलो. बुवांनी कापूस बोटांत घेऊन वात वळली, तेल घातले, डाव्या हाताने वात सारखी केली. हात थरथरत होता. समई उजळताच ओसरीवर गप्पा मारणारी मंडळी आपोआप गप्प झाली आणि वाटेने जाणाऱ्या एका गुजराती भाजीवालीने टोपली खाली ठेवून नमस्कार केला. आमच्या चार पानांत यांतले काहीच नव्हते.

गुरुवारी तंत्राची तयारी. सेकंदाला चोवीस चित्रे, म्हणजे पाच मिनिटांना सात हजार दोनशे. मंद उजेडात भिंगाचे तोंड अधिक उघडावे लागते. तसे केले की नेमके स्पष्ट दिसणारे अंतर आखूड होते, आणि माणूस वीतभर पुढे सरकला तरी चित्र पुसट होते. हे सारे वहीत उतरवून घेतले.

शुक्रवारी तेच घडले. बुवा समईकडे किंचित वाकले आणि नेमका ज्योत लागण्याचा क्षण पुसट आला. आमच्यातील एकाने घाईघाईने म्हटले, "बुवा, जरा विझवून पुन्हा लावता का?"

बुवा रागावले नाहीत. म्हणाले, "बाळांनो, दिवा देवापुढे लावला. तो विझवून तुमच्याकरिता पुन्हा कसा लावू? उद्या या. संध्याकाळ काय, उद्याही होणारच आहे."

आम्ही खाली मान घालून सामान आवरले. सोमवारचे हसू आठवले. कॅमेरा अंगातली शक्ती शोषतो ही समजूत खुळीच. परंतु बुवांनी आमचे ऐकले असते तर दिवा लागला असता, सांजवात झाली नसती. कॅमेऱ्यासमोर माणसाचे काहीतरी हिरावले जाऊ शकते, एवढे त्या भित्र्या लोकांना आमच्याआधी उमगले होते.

शनिवारी आम्ही घडले ते गुरुजींना सांगितले. त्यांनी फाळक्यांचीच दुसरी गोष्ट सांगितली. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला, त्यापूर्वी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून रोज थोडथोडे चित्रण केले आणि महिनाभराची वाढ मिनिटभरात दाखविली. गुरुजी म्हणाले, "अंकुराला त्यांनी 'पुन्हा उगव' म्हटले नाही. ते रोज त्याच्यापाशी गेले."

रविवारी आम्ही पुन्हा देवळात गेलो. अंतर आधीच मोजून ठेवले, कॅमेरा ओसरीच्या खांबाआड लावला आणि बुवांना काहीच सांगितले नाही. पहिली काडी वाऱ्याने विझली. दुसरीने वात पेटली. तो विझलेल्या काडीचा भागही आम्ही लघुपटात ठेवणार आहो.

रात्री ते चित्रण आजीला पाठविले. तिने फोनच्या पडद्यावरील ज्योतीला हात जोडले आणि म्हणाली, "बरें जालें." मग मराठीत नातवाला म्हणाली, "पुन्हा दाखव रे."

तेवढे मात्र आम्हांस करता येण्यासारखे होते.