पान हलतंय, पण कुणासाठी?

वेब पेज बनवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. शीर्षक अलगद वर सरकवायचं, चित्र हळूच उमटवायचं, मागे ठिपके तरंगत ठेवायचे, ही माझी रोजची कामं. ग्राहकाची पहिली फर्माईशच अशी असते, "भाई, साइट जरा हलती-फुलती करा."

हा सोस नवा नाही. १९९४च्या सुमारास नेटस्केप ब्राउझरमध्ये अक्षरांची उघडझाप करणारा 'ब्लिंक' टॅग आला. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने ओळ सरकवणारा 'मार्की' आणला. नंतर फ्लॅशचा जमाना आला. कार्टून, खेळ, अख्ख्या साइट त्यात बनू लागल्या. २०२०च्या अखेरीस फ्लॅश प्लेअर बंद झाला. आज तेच काम सीएसएस आणि जावास्क्रिप्ट करतात. फायरफॉक्सने 'ब्लिंक' २०१३ मध्ये काढून टाकला, पण लुकलुकणारं 'नवीन' आपल्याकडच्या कितीतरी साइटवर अजून दिसतं.

हालचालीला मी नावं ठेवत नाही. बटण दाबलं की ते किंचित दबतं, पैसे गेले की हिरवी खूण उमटते. काम झालं हे वाचावं लागत नाही, दिसतं. ज्याला वाचायला जड जातं त्याला हा मोठाच आधार. पण डोळ्याचा एक स्वभाव आहे. कडेला काही हललं की नजर तिकडे ओढली जाते. मजकुराशेजारी एखादी पट्टी सतत पळत असेल, तर वाचणारा प्रत्येक ओळीला तिच्याशी झगडत असतो.

काहींसाठी प्रश्न एवढ्यावर थांबत नाही. माझ्या अम्मीला आतल्या कानाचा आजार आहे. बँकेची, रेशनची कामं ती स्वतः मोबाइलवर करते. एकदा डॉक्टरांकडे नंबर लावायला तिने एका दवाखान्याची साइट उघडली. बोट फिरवताच मागचं चित्र एका वेगाने आणि पुढचा मजकूर दुसऱ्याच वेगाने सरकू लागला. तिने मोबाइल पालथा ठेवला. "बेटा, तूच बघ. मला गरगरतंय." नंबर चक्करेसाठीच लावायचा होता!

कारण साधं आहे. कान सांगतो, तू बसलेली आहेस. डोळा सांगतो, तू हलते आहेस. या भांडणातून मळमळ आणि चक्कर येते. २०१३ मध्ये आयफोनच्या आयओएस ७ मध्ये अशा हालचाली वाढल्या, तेव्हाही लोकांनी हीच तक्रार केली होती. झगमगाट तर याहून घातक ठरू शकतो. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश झपाट्याने लुकलुकला आणि शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं.

म्हणूनच वेबसाठी आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. मजकुराशेजारी काही आपोआप पाच सेकंदांहून जास्त हलत असेल, तर ते थांबवायची सोय हवी. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा काही लखलखू नये. मोबाइलच्या सेटिंगमध्ये, अ‍ॅक्सेसिबिलिटीत, अ‍ॅनिमेशन कमी किंवा बंद करायची सोय असते. घरात कुणाला चक्करेचा त्रास असेल, तर ती आजच शोधून द्या. अम्मीच्या मोबाइलवर ती सुरू आहे.

पण एवढ्याने सगळ्या साइट शांत होत नाहीत. 'या माणसाला हालचाल नको' हा निरोप ब्राउझर साइटला देऊ शकतो. तो ऐकायचा की नाही, हे पान बनवणाऱ्याच्या हातात असतं. सीएसएसमध्ये त्यासाठी 'प्रिफर्स रिड्यूस्ड मोशन' नावाची अट असते. ती लिहायला चार ओळी पुरतात. ज्यांना हालचाल आवडते त्यांचं काहीच कमी होत नाही, आणि एका म्हातारीला स्वतःचा नंबर स्वतः लावता येतो. माझ्या धंद्यातल्या भावांनो, बहिणींनो, या चार ओळींचे वेगळे पैसे मागू नका.