उशाशी मराठी

झोपताना मोबाइल नको, असे कुणी सांगितले की माझे उत्तर तयार असे: तंजावरात राहून मराठी कानावर पडायची दुसरी वेळ कुठली? बाजारात, बँकेत, शेजारीपाजारी तमिळच. घरची मराठी आहे, पण ती सतराव्या शतकात एकोजीराजांच्या राज्याबरोबर रुजलेली आणि तमिळच्या शेजारात मुरलेली. आजची पुण्या-मुंबईची मराठी ऐकायची तर रात्री, पंख्याखाली पडल्या पडल्या. बातम्या, जुन्या नाटकांचे तुकडे, मावसभावंडांचा ग्रुप. त्यातून स्क्रीन पिवळसर करून ठेवलेली. निळा प्रकाश नाही म्हणजे त्रास नाही, असा हिशेब होता.

एका रात्री मोबाइल ठेवून पाणी प्यायला उठलो, तर एका डोळ्याने दिसेना. थोड्या वेळाने दिसू लागले, डॉक्टरांनीही डोळा ठीक असल्याचे सांगितले. अशा दोन बायकांची हकीकत 2016 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आली होती. कुशीवर पडून अंधारात मोबाइल पाहिला की एक डोळा उशीत झाकला जातो आणि अंधाराला सरावतो, उघडा डोळा उजेडाला. मोबाइल बंद केल्यावर हा दुसरा डोळा काही मिनिटे अंधारात चाचपडतो. सरफोजीराजांनी ज्या गावात नेत्ररुग्णांच्या नोंदी आणि डोळ्यांची चित्रे करवून ठेवली, तिथे राहून हे मला ठाऊक नव्हते. घाबरलो खरा, पण मोबाइल सुटला नाही. उताणा झोपून पाहू लागलो.

मत फिरले ते पुढे, पिवळ्या स्क्रीनचा आधार गेला तेव्हा. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या 2021 च्या अभ्यासात स्क्रीन पिवळी केल्याने झोप सुधारल्याचे दिसले नाही. मग प्रकाशाला दोष देणे सोडून काल रात्री काय पाहिले ते आठवू लागलो. क्रिकेट, कुणाचा तरी डोसा, डब केलेली मारामारी. मराठीचे एक वाक्य आठवेना. जिच्या नावाने इतकी वर्षे भांडलो ती मराठी त्यात नावापुरतीच होती. खाली सरकवत राहिले की संपतच नाही, ही रचना 2006 मध्ये एझा रास्किनने केली आणि नंतर त्यालाच तिचा पश्चात्ताप झाला. मला तिच्यात सोय दिसत होती, कारण थांबायचे कधी हे ठरवावे लागत नव्हते.

आता मोबाइल स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी चार्जिंगला असतो. गजराचे घड्याळ आणले. त्याची टिकटिक पहिल्यांदा असह्य झाली. उशाशी इथल्या सरस्वती महाल ग्रंथालयाने छापलेली तंजावरच्या दरबारातली मराठी नाटके असतात. विष्णुदास भाव्यांच्या 1843 च्या ‘सीतास्वयंवरा’च्या कितीतरी आधी इथल्या शहाजीराजांनी मराठी नाटके लिहिली. खरे सांगायचे तर ती फार रंगतात असे नाही. दोन पाने झाली की डोळे मिटतात, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. आजच्या मराठीसाठी संध्याकाळी मावशीला फोन करतो. माझी वाक्ये ऐकून ती हसते, मग सुधारून सांगते.

तोटा एकच. ग्रुपवरचा विनोद मला सकाळी कळतो. मी हसणारी चित्रे पाठवतो तोवर बाकीचे भाजीच्या भावावर आलेले असतात.