पद्मदुर्गाचा चुना

जुईनगर येथील आमच्या बिऱ्हाडाच्या तळमजल्याच्या भिंतीस दर पावसाळ्यानंतर लोणा लागतो. गिलावा फुगतो, पांढरी भुकटी झडूं लागते आणि घरांतील वडील मंडळी गवंड्याच्या नांवानें बोटें मोडतात. खाडी जवळ, जमीन सखल. तेव्हां दोष एकट्या गवंड्याचा खचित नव्हे. गेल्या माघांत आम्ही सहकुटुंब मुरूडचा पद्मदुर्ग पाहावयास गेलों, तेव्हां या दुखण्याचें मूळ तेथें मोठ्या प्रमाणावर पाहावयास मिळालें.

मुरूडसमोरच्या कांसा नांवाच्या खडकावर शिवाजी महाराजांनीं जंजिऱ्याच्या सिद्दीस शह देण्याकरितां हा दुर्ग उभारला. त्याच्या कामाची रसद वेळेवर न पोंचविल्याबद्दल प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांस महाराजांनीं १६७५ सालीं धाडलेलें खरमरीत पत्र वाचकांस ठाऊक असेलच. ब्राह्मण म्हणून गय होणार नाहीं, हा त्यांतील रोख आठवून आमचे थोरले काका होडींतहि किंचित् ओशाळले!

तटाशीं गेलों आणि थबकलों. दगड झिजून आंत गेलेले आणि त्यांमधील चुन्याच्या रेघा मात्र मधाच्या पोळ्यासारख्या बाहेर उभ्या. पुतणीनें विचारिलें, "काका, चुन्याआधीं दगड कसा विरला?"

भरती सुमारें साडेबारा तासांनीं येते. तिचें खारें पाणी दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतें. ओहोटीस ऊनवारा तें शोषून घेतो, मीठ मागें राहतें. त्याचे स्फटिक वाढतांना आंतून रेटा देतात आणि दगडाचा कण कण सुटतो. सदैव पाण्याखालीं असलेला दगड त्या मानानें सुखी. मरण आहे तें क्षणांत ओल्या, क्षणांत कोरड्या होणाऱ्या पट्ट्याचें. उधाणास हा पट्टा वर चढतो, भांगास उतरतो. समुद्राची पातळी वाढत असल्यानें पुढें तो वरच सरकणार. व्हेनिसकरांनीं घरांच्या पायथ्यास ओल न शोषणारा इस्त्रियाचा दगड बसविला होता. आतां पाणी त्यावरून चढून विटांत शिरतें. १२ नोव्हेंबर २०१९ रोजीं तर तें १८७ सेंटिमीटरपर्यंत चढून सेंट मार्कच्या प्रार्थनामंदिरांत शिरलें.

अशा भिंतींचे सांधे सिमेंटनें भरणें दिसावयास पक्कें. परंतु चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडून धरतें. मग ती दगडांतूनच वाट काढते आणि मीठहि तेथेंच सांचतें. आमच्या भिंतीचेंहि नेमकें हेंच झालें होतें.

परततांच गवंड्यास बोलावून सिमेंटचा गिलावा खरवडावयास व चुन्याचा चढवावयास सांगितलें. तो बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिला. "चुना आणीन हो, काका," तो म्हणाला, "पण घाणींत मळणारा कोठून आणूं?"