तुटलेले बोट परत येते का?

चाकणच्या प्रेस शॉपमधला एक तरुण कामगार ड्रेसिंग करून घेताना म्हणाला, "डॉक्टर, पालीला शेपूट परत फुटतं, मग मला बोट का नाही?"

प्रश्न वेडगळ नव्हता. प्रयोगशाळेतल्या उंदराच्या बोटाचे टोक कापले, पण नखाचे मूळ शाबूत राहिले, तर ते हाडासकट पुन्हा वाढते. याची सुरुवात नखाच्या मुळातल्या स्टेम सेल्स करतात, असे २०१३ मध्ये दिसून आले. लहान मुलांच्या बोटाचे टोकही कधीकधी नुसत्या ड्रेसिंगवर असेच भरून येते. मात्र नखाच्या मुळाच्याही मागे कापले गेले, तर उंदरातसुद्धा फक्त व्रण उरतो.

त्याची तर दोन पेरे गेली होती.

"नाही येणार रे," मी म्हणालो. "उरलेली नऊ सांभाळ. गार्ड नसलेल्या प्रेसवर हात घालू नकोस."

तो हसला. "गार्ड काढल्याशिवाय टार्गेट होत नाही, डॉक्टर."

यावर माझ्याकडे औषध नव्हते.