पाच शतांशांची जागा



यंदा दशलक्षणात आमच्या पडवीत लाकडी ठोकळ्यांवर गाडीच्या इंजिनाचा लोखंडी ब्लॉक मांडून ठेवलेला होता. पूजेहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायका थबकून बघायच्या. शेजारच्या वहिनींनी तर विचारलंच, "पर्वात हे काय काढलंय?" मी हसून वेळ मारून नेली. आज सगळं सांगते, कारण त्या ब्लॉकपायी माझ्या मनातली एक जुनी गाठ सुटली.

आमची गाडी म्हणजे १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. तुमच्यातल्या बऱ्याच जणी लग्न होऊन सासरी आल्या असतील त्या अशाच फियाटमधून. मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात ह्या गाड्या बनायच्या. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती हौसेनं घेतली आणि आक्का असेपर्यंत दरवर्षी कुंभोजच्या बाहुबलीला तिनेच नेलं. गेली बारा वर्षं ती शेडमध्ये उभी होती. अण्णा आता शहाऐंशीचे आहेत. एप्रिलमध्ये एके दिवशी सहज बोलल्यासारखं म्हणाले, "तिच्यात बसून एकदा बाहुबलीला जायला पाहिजे होतं." थोरला पुण्याहून आला होता, त्यानं ते ऐकलं आणि इंजिन उतरवायचं ठरलं.

अण्णांचं कोल्हापुरात उद्यमनगरात छोटं वर्कशॉप होतं. इंजिनांचं बोअरिंग हे त्यांचं मुख्य काम. मी १९८९ला लग्न होऊन आले तेव्हा बारावी सायन्स झालेली. आक्कांनी मला स्वयंपाक शिकवला आणि अण्णांनी मायक्रोमीटर वाचायला. हिशोबाची वही माझ्याकडे होतीच, हळूहळू मापांची वहीही आली. गिऱ्हाइकं जरा चमकून बघायची, पण अण्णा म्हणायचे, "तिचा आकडा स्वच्छ असतो."

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ब्लॉकमध्ये चार गोल भोकं असतात, ती सिलिंडर. आमच्या पद्मिनीत मूळ व्यास ६८ मिलीमीटर. त्यात अॅल्युमिनियमचा पिस्टन वर-खाली धावतो. पिस्टन आणि भिंत यांच्यात थोडी मोकळी जागा ठेवावीच लागते. ती का, हे आपल्याला स्वयंपाकघरातूनच कळेल. एकात एक घातलेली दोन स्टीलची भांडी अडकली की आपण काय करतो? बाहेरून गरम पाणी, आतून गार पाणी. बाहेरचं भांडं फुगतं, आतलं आवळतं, आणि सुटतं. इंजिनात नेमकं उलटं होतं. आतलं अॅल्युमिनियम बाहेरच्या बिडापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं, शिवाय पिस्टन भिंतीपेक्षा जास्त तापतो. जागा कमी ठेवली तर गरम झाल्यावर पिस्टन भिंतीला चिकटतो आणि इंजिन जाम होतं. जास्त ठेवली तर पिस्टन खडखडतो, ऑइल वर चढतं आणि मागून निळा धूर निघतो. आमच्या नव्या पिस्टनच्या खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं अंतर होतं ०.०५ मिलीमीटर. म्हणजे पाच शतांश, एका केसाएवढं.

मोजायची रीत अशी. सिलिंडर तीन उंचीवर मोजायचा, वर, मध्ये आणि खाली. प्रत्येक उंचीवर दोन दिशांना, एकदा इंजिनाच्या लांबीत आणि एकदा आडवं. चार सिलिंडरची मिळून चोवीस मापं. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथून परत फिरते तिथं, उष्णता आणि दाब जास्त आणि ऑइल कमी म्हणून, सगळ्यात जास्त झिजतो, आणि तोही आडव्या दिशेनं, कारण पिस्टन त्याच बाजूला रेटला जातो. आमचा वर ६८.१७ होता आणि खाली ६८.०५. एवढा फरक म्हटल्यावर नुसत्या नव्या रिंगा घालून भागणार नव्हतं. बोअर मारून ०.४० ओव्हरसाईझ पिस्टन घालायचे ठरले.

पिस्टनचंही तसंच. तो दिसतो गोल, पण थोडा अंडाकृती असतो, आणि वर निमुळता. पिनच्या काटकोनात, खाली स्कर्टवर, बनवणाऱ्यानं सांगितलेल्या उंचीलाच तो मोजायचा. तिथंच तो सगळ्यात रुंद असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, माझी गोष्ट तिथंच आहे.

ब्लॉक बोअर आणि होनिंग होऊन पर्वाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आला. दुकानाच्या चिठ्ठीवर चारही सिलिंडर ६८.४० लिहिले होते. पिस्टन ६८.३५. अंतर बरोबर पाच शतांश. थोरल्याची रजा रविवारी संपत होती, त्यामुळे त्याला लगेच जुळवाजुळव सुरू करायची होती. अण्णा खुर्चीत बसून म्हणाले, "तुझ्या आईला मोजू दे." त्यांचे हात आता थरथरतात, मायक्रोमीटर धरवत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अभिषेक करून आले आणि अण्णांचं जुनं बोअर गेज काढलं. ब्लॉक, पिस्टन, मायक्रोमीटर, सगळं रात्रभर एकाच खोलीत ठेवलं होतं. मायक्रोमीटरवर गेज शून्याला लावलं आणि आत सोडलं. गेज कधीच पहिल्या झटक्यात सरळ उभं राहत नाही. हळूच पुढे-मागे झुलवायचं. काटा एका टोकाला जाऊन परत फिरतो, तिथला सगळ्यात लहान आकडा खरा. तिरकं धरलं की माप मोठं दिसतं. चोवीस मापं घेतली. कुठलंच ६८.४० नव्हतं. सगळी ६८.३८च्या आसपास.

"आई, दोन शतांश! केसाचा तिसरा-चौथा हिस्सा," थोरला वैतागला. "आणि दुकानात काय चुकीचं मोजलं असेल?"

चुकीचं नव्हतं. होनिंग करताना धातू तापतो. कोमट ब्लॉक लगेच मोजला की तो फुगलेलाच मोजला जातो. अडुसष्ट मिलीमीटरचं बीड तीस अंश गरम असलं तर दोन शतांशांनी मोठं असतं. गार झालं की तेवढं आवळतं. पाच शतांशांच्या जागेतले दोन गेले तर उरले तीन.

"तीनवर चालेल गं," तो म्हणाला. "पहिले हजार किलोमीटर सावकाश चालवू."

कदाचित चाललंही असतं. पण मी "नाही" म्हणाले, आणि इतक्या जोरात म्हणाले की आतून हेही बाहेर आले. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मला कळलं, की आता कारण सांगितलं नाही तर मी पुन्हा एकदा खोटं बोलणार आहे.

१९९३ची गोष्ट. तेव्हाही दशलक्षणच चालू होतं. एका गिऱ्हाइकाच्या फियाटचं काम होतं, त्यांना घाईनं कोकणात जायचं होतं. अण्णांचा उपवास होता आणि ते मंदिरात होते. मी पिस्टन मोजायला बसले तेव्हा ऊन उतरलं होतं. सूर्यास्ताच्या आत घरातल्या आठ जणांची जेवणं उरकायची होती, आणि लहानगा पाठीवर होता. पिस्टन ट्रेमध्ये स्कर्ट खाली करून ठेवलेले. ते उचलून उलटे करायचा मी कंटाळा केला. वरच्या बाजूनं, रिंगांच्या खोबणीखालीच माप घेतलं आणि वहीत लिहिलं. तिथं पिस्टन तीन शतांशांनी बारीक होता. अण्णांनी माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून बोअर मारला.

आंबा घाटात ते इंजिन जाम झालं. कुणाला इजा झाली नाही, एवढीच कृपा. गाडी ओढून आणली. अण्णांनी मला विचारलं, "पिस्टन कुठं मोजलास?"

"खाली, स्कर्टवर," मी म्हणाले.

त्यांनी पिस्टन हातात घेतले, पण ते इतके खरवडले होते की त्यांच्यावर काही मोजता येण्यासारखं उरलं नव्हतं. मग ते एवढंच म्हणाले, "मग माझंच गेज चुकलं असणार." पदरचे पैसे घालून सगळं काम परत करून दिलं. गिऱ्हाइकाची हात जोडून माफी मागितली. त्या रात्री मला पक्कं आठवलं की मी कुठं मोजलं होतं. तरी बोलले नाही. पुढं अण्णा प्रत्येक माप चार-चारदा घ्यायला लागले, मग बोअरिंगचं काम बाहेर पाठवायला लागले, आणि दोन वर्षांनी यंत्र विकलं. सगळे म्हणाले, वय झालं, नजर कमी आली. मीही मान डोलावली.

दरवर्षी क्षमावाणीला मी अण्णांच्या पाया पडून "कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा" म्हणत आले. "कळत"मध्ये काय आहे ते कधी सांगितलं नाही.

त्या दिवशी उत्तम आर्जव होतं. आर्जव म्हणजे सरळपणा. मनात एक, बोलण्यात दुसरं असं नसणं. हे सकाळीच मंदिरात ऐकून आले होते. ब्लॉकच्या शेजारी पाटावर बसून मी अण्णांना सगळं सांगितलं. मुलगा समोर, हे दारात.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तीस वर्षं मी माझ्या डोळ्याला दोष दिला." आणि काठी घेऊन आत गेले.

भगिनींनो, मला वाटलं होतं की सांगून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. संध्याकाळी ते जेवले, पण ताटावर माझ्याशी बोलले नाहीत. मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. तीस वर्षांचं ओझं मी त्यांच्या पुढ्यात एका वाक्यात ठेवलं होतं. ते उचलायला त्यांना वेळ लागणारच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवी झाडत होते. अण्णा खुर्चीत येऊन बसले. "ब्लॉक परत पाठवला का?"

"थोरला घेऊन गेलाय. दोन शतांश होन करून, गार होऊ देऊन मोजायला सांगितलंय."

"आला की तू मोज. पिस्टन उलटा करून धर. आणि आकडा मला मोठ्यानं वाचून दाखव."

दुपारी चोवीस मापं घेतली. प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचला. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. शेवटच्या सिलिंडरला ६८.४० म्हटल्यावर म्हणाले, "आता रिंगा." प्रत्येक रिंग सिलिंडरमध्ये बसवून, पिस्टननं सरळ खाली ढकलून, तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजनं मोजली. ती फटही लागतेच; तापल्यावर टोकं एकमेकांवर आदळली तर रिंग तुटते. घट्ट बांगडी सुजलेल्या हातात कशी रुतते, तसं.

क्षमावाणीला मी पाया पडले तेव्हा नेहमीचं वाक्य म्हणाले नाही. नाव घेऊन म्हणाले, "त्र्याण्णवच्या त्या मापाबद्दल." अण्णांनी थरथरता हात डोक्यावर ठेवला. म्हणाले, "माझंही चुकलं. दुसऱ्याचं माप मी स्वतः तपासायला पाहिजे होतं." आणि थोड्या वेळानं, "पण उपवास होता ना."

दिवाळीआधी आम्ही बाहुबलीला जाऊन आलो. थोरल्यानं गाडी सावकाश चालवली. अण्णा पुढं बसले होते, खिडकी उघडी ठेवून, सगळी वाट इंजिनाचा आवाज ऐकत.

आपल्या प्रत्येकीच्या घरात एखादं असं चुकलेलं माप असेल, ज्याचा दोष दुसरं कुणीतरी वाहत असेल. ते माणूस आहे तोवर सांगा. मोघम क्षमा मागू नका, आकडा सांगा. आणि सांगितल्यावर त्यांना थोडी जागा द्या.

जय जिनेंद्र.